टोंगाची केबल: तुटल्यापासून जुळेपर्यंत वेळ कुठे जातो

इंटरनेट आणि फोन वाहून नेणारी समुद्राखालची केबल तुटली की किनाऱ्यावरून पहिला प्रश्न येतो: जोडायला किती वेळ लागेल? जोडायला साधारण एक दिवस लागतो. पण १५ जानेवारी २०२२ ला हुंगा टोंगा-हुंगा हापाई ज्वालामुखीच्या स्फोटात टोंगा या दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाची केबल तुटली, ती पुन्हा चालू झाली २२ फेब्रुवारीला. मधे पाच आठवड्यांहून जास्त काळ गेला. त्याच देशात टोंगाटापू या मुख्य बेटावरून हापाई आणि वावाऊ बेटांकडे जाणारी दुसरी केबल आहे. ती चालू व्हायला दीड वर्ष लागलं. केबलच्या आत प्रकाश नेणारे काचेचे बारीक धागे, म्हणजे फायबर, असतात. काचेला काच जोडण्याचं काम दोन्हीकडे सारखंच होतं. मग बाकीचे दिवस कुठे गेले, हे समजून घ्यायचं तर दुरुस्तीच्या जहाजावर काम ज्या क्रमाने चालतं त्या क्रमानेच जायला हवं.

आधी केबलविषयी. टोंगाची लोकसंख्या लाखभर. ऑगस्ट २०१३ पर्यंत सगळा देश उपग्रहावर होता. त्या महिन्यात फिजीतल्या सुवापासून टोंगाची राजधानी नुकुआलोफाजवळच्या सोपूपर्यंत ८२७ किमी लांबीची केबल सुरू झाली. जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेच्या पैशातून ती झाली. सुवाला ती सदर्न क्रॉस या मोठ्या केबलला मिळते आणि तिथून पुढे जग. २०१८ मध्ये सुमारे ४१० किमीची देशांतर्गत केबल आली. म्हणजे बाहेर जायला एक रस्ता, आत फिरायला एक रस्ता. आपल्याकडे वर्सोव्याच्या किनाऱ्यावर इतक्या केबल येतात की एखादी तुटली तर रहदारी दुसरीवर वळवतात आणि बहुतेकांना पत्ताही लागत नाही. टोंगाला वळवायला दुसरी केबल नव्हती. २०१९ च्या जानेवारीत तुटली तेव्हाही नव्हती. परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या पैशावर इथली कितीतरी घरं चालतात, त्यामुळे केबल गेली म्हणजे नुसतं फेसबुक गेलं असं होत नाही, घरात येणारा पैसाही अडतो.

तुटल्याची खबर मिळते ती लँडिंग स्टेशनवरच्या, म्हणजे केबल किनाऱ्यावर येते तिथल्या, वीज पुरवणाऱ्या यंत्राकडून. केबलमध्ये फायबरभोवती तांब्याची नळी असते आणि तिच्यातून साधारण एक अँपिअर स्थिर प्रवाह सोडलेला असतो. समुद्रतळावर दर ६० ते १०० किमीवर बसवलेले रिपीटर, म्हणजे प्रकाश वाढवणारे नळकांडे, याच प्रवाहावर चालतात. एका टोकाला धन, दुसऱ्या टोकाला ऋण, लांब केबलला दोन्हीकडे काही हजार व्होल्ट. केबल तुटली की तांबं समुद्राच्या पाण्याला टेकतं आणि दोन्ही स्टेशनवरचे व्होल्टेजचे आकडे बदलतात. या आकड्यांतूनच जागेचा पहिला अंदाज काढतात. हिशेब सरळ आहे. समजा तांब्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, दर किलोमीटरला १ ओम, प्रवाह १ अँपिअर, आणि प्रत्येक रिपीटर ३० व्होल्ट खातो. यंत्र ४९० व्होल्ट दाखवतंय. वाटेत चार रिपीटर असतील तर त्यांचे १२० वजा केले, उरले ३७०, म्हणजे तुटलेली जागा ३७० किमीवर. पण रोधात एका टक्क्याची चूक झाली तरी साडेतीन किमीहून जास्त फरक पडतो, आणि तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.४ टक्का बदलतो. तळाशी पाणी दोन-तीन अंशांवर असतं, किनाऱ्याजवळ पंचवीसच्या पुढे. तापमानाचा हा फरक हिशेबात धरला नाही तर जहाज भलत्याच जागी जाऊन उभं राहतं.

दुसरा मार्ग प्रकाशाचा. ओटीडीआर हे उपकरण फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परत येणारा अंधुक प्रकाश मोजतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किमी जातो, म्हणून जाऊन-येऊन दर किलोमीटरला साधारण १० मायक्रोसेकंद. साधा ओटीडीआर पहिल्या रिपीटरपर्यंतच पाहू शकतो, कारण रिपीटर एकाच दिशेने प्रकाश जाऊ देतो. त्यापुढे पाहायला कोहेरंट ओटीडीआर लागतो. तो परतीचा प्रकाश रिपीटरमधल्या जोडवाटेने दुसऱ्या फायबरवरून मागवून घेतो. टोंगाच्या बाहेरच्या केबलचा पहिला तुटका भाग किनाऱ्यापासून सुमारे ३७ किमीवर असल्याचं असंच किनाऱ्यावरून कळलं. यात नवख्या माणसाची हमखास होणारी एक चूक आहे. उपकरण सांगतं ते फायबरचं अंतर. केबलच्या आत फायबर थोडं जास्त लांबीचं भरलेलं असतं, आणि समुद्रतळाच्या चढउतारावर बसावी म्हणून केबलही नकाशावरच्या अंतरापेक्षा दोन-चार टक्के सैल टाकलेली असते. फायबरचं अंतर, केबलचं अंतर आणि नकाशावरचं अंतर हे तीन वेगळे आकडे. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे मार्गाची यादी: प्रत्येक वळणाचे अक्षांश-रेखांश, तिथली खोली, केबलचा प्रकार, सैलपणा, जोडांची जागा. ही यादी मूळ टाकणीच्या वेळी नीट भरलेली असेल तर आठवडा वाचतो. दुरुस्तीच्या जहाजावर कुठला एक कागद आधी मागायचा असेल तर तो हा.

आणि तरीही किनाऱ्यावरून दिसतं ते सर्वांत जवळचं तुटलेलं टोक, त्यापलीकडचं काही नाही. सुवाकडून मोजलं की त्या बाजूचं पहिलं टोक कळतं. या दोन टोकांच्या मधे केबल शाबूत आहे की तिचे दहा तुकडे झालेत, हे तळाशी जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. नांगराने तुटलेल्या केबलमध्ये दोन्ही मोजमापं जवळपास एकाच जागेवर येतात. टोंगात ती आली नाहीत, आणि सुरुवातीचे सगळे अंदाज तिथेच कोलमडले.

जहाज यायच्या आधी त्याच्यात काय भरायचं हे ठरवावं लागतं. दक्षिण पॅसिफिकमधल्या केबलमालकांनी मिळून दुरुस्तीचा सामायिक करार केलेला आहे: एक जहाज कायम तयार, आणि ठरलेल्या डेपोत प्रत्येकाची सुटी केबल. २०२२ मध्ये आलेलं जहाज रिलायन्स (आपल्याकडच्या उद्योगसमूहाशी या नावाचा काही संबंध नाही). ते तेव्हा पापुआ न्यू गिनीच्या पोर्ट मोर्सबीकडे होतं. तिथून टोंगा चार हजार किमीहून जास्त, आणि वाटेत सामोआत थांबून सामान घ्यायचं. केबल जहाज बारा-तेरा नॉटने चालतं (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी). म्हणजे आठवडाभराहून जास्त वेळ नुसता वाटेत. यात कोणाची ढिलाई नव्हती. पॅसिफिक एवढा मोठा आहे.

सुटी केबल ही सगळ्यात नाजूक बाब. कुठलीही केबल कुठेही चालत नाही. खोल पाण्यातली हलकी केबल साधारण १७ मिलिमीटर जाड, बागेच्या पाइपाएवढी: मधोमध जेलीत बुडालेले फायबर, भोवती पोलादी तारा, तांब्याची नळी, वर पॉलिथिन. उथळ पाण्यात तिच्यावर पोलादी तारांचं चिलखत चढतं, एकपदरी किंवा दुपदरी. खडकाळ जागी दुपदरी चिलखत न वापरता हलकी केबल टाकली तर प्रवाहाबरोबर घासून वर्ष-दोन वर्षांत पॉलिथिन फाटतं. उलट दुपदरी केबल खोल पाण्यात सोडली तर स्वतःच्याच वजनाने ताण हाताबाहेर जातो. म्हणून डेपोत प्रत्येक प्रकारचे थोडे थोडे तुकडे असतात. शिवाय फायबरचा प्रकार जुळायला हवा, सुटा रिपीटर हवा, जोडाचे संच हवेत आणि त्यांतल्या रबरी व रासायनिक भागांची मुदत संपलेली नसावी. जोडाच्या संचाची मुदत जहाज निघाल्यावर तपासली जाते आणि संपलेली निघते, हे नको तितक्या वेळा घडतं. खर्च शून्य, तपासायला दहा मिनिटं. ती तपासणी दर तिमाहीला करावी.

केबल टाकीत भरण्याचं काम अजून माणसाच्या पायांवर चालतं. टाकी गोल, मधे शंकू. केबल वरून येते आणि खलाशी ती हातांनी वाकवत, टाकीत गोल फिरत, बाहेरून आत एकेक वेढा घट्ट बसवत जातात. एक थर भरला की टोक पुन्हा बाहेरच्या कडेला न्यायचं आणि दुसरा थर सुरू. वेढा सैल राहिला तर बाहेर सोडताना दोन-तीन वेढे एकदम उठतात आणि केबलला पीळ बसून गाठ पडते. गाठ पडलेला भाग कापून टाकण्याशिवाय इलाज नाही. हे सगळं चालत्या माणसाच्या गतीने होतं, त्यामुळे शंभर किमी केबल भरायला दोनेक दिवस सहज जातात.

तोपर्यंत कागदपत्रं चाललेली असतात. देशाच्या सागरी हद्दीत काम करण्याचा परवाना, सीमाशुल्क, खलाशांची नावं, आणि न्यूझीलंडकडून प्रसारित होणारी नौकानयनाची सूचना, म्हणजे इतर जहाजांनी अंतर राखावं. काम चालू असताना जहाजावर दिवसा गोळा-समभुज चौकोन-गोळा ही काळी चिन्हं आणि रात्री लाल-पांढरा-लाल दिवे, कारण केबल धरलेलं जहाज कोणाला वाट देऊ शकत नाही.

केबलला हात लावण्याआधी एक पायरी कोणी कितीही घाई केली तरी चुकवायची नाही. दोन्ही स्टेशनांवर वीज बंद करून केबल जमिनीला जोडतात, आणि तसा लेखी संदेश जहाजावरच्या वीजसुरक्षा अधिकाऱ्याच्या नावाने येतो. तोंडी निरोप चालत नाही. कित्येक किलोमीटरची केबल म्हणजे एक लांबलचक कपॅसिटर, वीज साठवून ठेवणारं साधन, आहे. वीज बंद केल्यावरही तिच्यात जीव घेण्याइतका साठा राहतो, म्हणून टोक डेकवर आल्यावर ते आधी जमिनीला टेकवून रिकामं करायचं, मगच करवत लावायची.

आता तळाशी जायचं. सुवा आणि टोंगाच्या मधे लाऊ खोरं आहे, दोन ते तीन हजार मीटर खोल. (प्रसिद्ध टोंगा गर्ता बेटांच्या पूर्वेला आहे, ही केबल पश्चिमेला.) मुंबईसमोरचा समुद्र शे-दोनशे किमीपर्यंत शंभर मीटरच्या आतबाहेर राहतो. तिथे त्रास नांगरांचा आणि ट्रॉलरच्या जाळ्यांचा. इथे किनारा सोडला की तळ झपाट्याने खाली जातो आणि त्रास भूकंप, दरडी आणि ज्वालामुखीचा. दोन-अडीच हजार मीटरपर्यंत दूरनियंत्रित पाणबुडं यंत्र पाठवता येतं, पण गढूळ पाण्यात त्याच्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही. मग स्टेशनवरून केबलवर २५ हर्ट्झच्या आसपासचा मंद विद्युत सूर सोडतात आणि यंत्रावरचा संवेदक तो सूर ऐकत केबलच्या वर येतो. केबल मधेच तुटलेली असेल तर सूर तुटल्या टोकापर्यंतच ऐकू येतो. तेही एक मोजमापच.

खोल पाण्यात अजून चालतो तो ग्रॅपनेल, म्हणजे लोखंडी आकड्यांचा गळ. दीडशे वर्षांपूर्वी तारायंत्राच्या केबल याच युक्तीने वर काढत आणि आजही तीच पद्धत आहे. गळापुढे साखळी, साखळीला तारेचा दोर. जहाज केबलच्या मार्गाला काटकोनात, अर्धा ते एक नॉट या गतीने जातं. दोर तळाला पोचायलाच तास-दोन तास. मग सगळ्यांची नजर ताणमापकावर. आकडा झटकन उसळून खाली आला तर खडक. हळूहळू चढत गेला आणि तिथेच थांबला तर केबल. हा फरक शिकायला काही दुरुस्त्या जाव्या लागतात, पुस्तकातून तो येत नाही.

पहिल्यांदा जो गळ टाकतात तो कापणारा असतो. तुटलेलीच केबल पुन्हा का कापायची, असं ऐकणाऱ्याला वाटतं. कारण असं: दोन-चार टक्के सैल टाकलेली केबल मधोमध पकडून अडीच किलोमीटर वर उचलायची तर दोन्ही बाजूंना तिचा कोन इतका सपाट राहतो की ताण तिच्या ताकदीपलीकडे जातो आणि ती भलत्याच जागी तुटते. म्हणून दोषाच्या जरा अलीकडे मुद्दाम कापायची, एक बाजू मोकळी झाली की दुसऱ्या, धरून ठेवणाऱ्या गळाने टोकाजवळ पकडून वर आणायची. हलकी केबल पाण्यात मीटरला पाव किलोच्या आसपास भरते. टोक मोकळं असेल तर अडीच हजार मीटर वर आणणं जहाजाला जड नाही.

टोंगात इथेच दिवस गेले. गळ मार्गावरून ओढला तरी हाताला काही लागेना अशा जागा होत्या, कारण मार्गावर केबलच राहिली नव्हती. स्फोटात वर गेलेली राख आणि दगड समुद्रात कोसळून तळावरून प्रचंड लोंढ्यांच्या रूपाने वाहत गेले. दोन केबल कोणत्या क्षणी बंद पडल्या यावरूनच पुढे शास्त्रज्ञांनी या लोंढ्यांचा वेग काढला, तो ताशी १२२ किमीपर्यंत भरला. देशांतर्गत केबल ज्वालामुखीच्या जवळ, ती आधी गेली. बाहेरची दूर, ती साधारण तासाभराने. लोंढ्याने केबलचे तुकडे केले, काही ओढून नेले, काही गाळाखाली गाडले. ओढून नेलेला तुकडा शोधायला मार्गाची यादी कामाची नाही. मग एकेक पट्टा ठरवून गळ ओढत राहायचं.

वर आलेलं टोक पाहण्यासारखं असतं. डेकवर ते धुवायच्या आधी फोटो काढायचे, कारण तुटण्याचं कारण त्या वीतभर लांबीत लिहिलेलं असतं. पोलादी तारा टोकाकडे निमुळत्या होऊन तुटल्या असतील तर ताण. चपट्या होऊन एका बाजूला कापल्यासारख्या असतील तर नांगर. तारा झिजून आरशासारख्या चकचकीत असतील तर खडकावर वर्षानुवर्षं घासणं. लोंढ्याने तोडलेल्या केबलच्या तारांच्या फटीत काळी बारीक राख गच्च ठासलेली मिळते, नखाने निघत नाही. काचेसारखी खरखरीत. तिच्यामुळे कापायच्या करवतीची पाती नेहमीपेक्षा लवकर बोथट होतात आणि जोडाच्या खोलीत तिचा एक कणही जाऊ द्यायचा नाही.

टोक वर आलं की ते लगेच जोडता येत नाही. तुटल्या तोंडातून पाणी दाबाने आत शिरलेलं असतं. जेली ते रोखते, पण खोल पाण्यात दोन आठवड्यांत काहीशे मीटर आत जाऊ शकतं. म्हणून तुकडे कापत, प्रत्येक वेळी कोरडं आहे का पाहत मागे जायचं. म्हणजे जहाज जितक्या उशिरा पोचेल तितकी केबल कापून टाकावी लागते, आणि जितकी कापाल तितकी सुटी जास्त लागते. कोरडा भाग मिळाला की किनाऱ्याच्या दिशेने फायबर आणि वीज दोन्ही तपासतात. सगळं ठीक असेल तर टोकावर पॉलिथिनची टोपी बसवून ते बंद करायचं, दोर-साखळी-छत्रीनांगर लावून बोयाला बांधायचं आणि पाण्यात सोडायचं. बोयावर दिवा आणि रडारला दिसणारा परावर्तक. मग जहाज दुसऱ्या टोकाच्या शोधात. वादळात बोया सुटून गेला तर पुन्हा गळ, पुन्हा पहिल्यापासून. जानेवारी ते मार्च हा दक्षिण पॅसिफिकमध्ये चक्रीवादळांचा ऐन मोसम असतो. लाटा तीन-चार मीटरच्या वर गेल्या की टोक डेकवर धरून ठेवणं धोक्याचं, तेव्हा ते सोडून थांबणंच बरं.

दुसरं टोक सापडलं, कोरडं केलं, तपासलं. आता जोड. जोडाची खोली थंड, कोरडी आणि स्वच्छ. केबल सोलताना प्रत्येक थर ठरलेल्या लांबीवर कापायचा: चिलखत, पॉलिथिन, तांबं, पोलादी तारा, शेवटी नळी आणि फायबर. फायबरचा रंगीत लेप काढला की उरते १२५ मायक्रॉनची काच, केसाच्या जाडीची. ती अल्कोहोलने पुसायची, कापणीच्या यंत्रात अशी तोडायची की कापाचा तिरपेपणा एका अंशाच्या आत राहील, आणि फ्यूजन यंत्रात दोन टोकं समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीने वितळवून एक करायची. जोडाचा प्रकाशक्षय, म्हणजे जोडातून जाताना प्रकाशाची होणारी घट, ०.०५ डेसिबलच्या आसपास आला तर चांगला. जास्त आला तर कापून पुन्हा. एका फायबरला चार-पाच वेळा करावं लागलं तर चिडायचं नाही, कापायच्या यंत्राचं पातं बदलायचं. बहुतेक वेळा दोष त्यातच असतो. मग ओढून ताकद तपासायची, काचेवर पुन्हा संरक्षण चढवायचं, फायबर ठरलेल्या वळणात ठेवायचे. यानंतर पोलादी तारा पकडणारे भाग दाबून बसवतात, कारण समुद्रात ताण काचेने नव्हे, या तारांनीच पेलायचा असतो. सगळ्यावर साच्यात वितळलेलं पॉलिथिन भरतात. थंड झालं की एक्स-रे, दोन दिशांनी. पॉलिथिनमध्ये बुडबुडा किंवा धातूचा कण दिसला तर तो थर कापून पुन्हा भरायचा. हजारो व्होल्टखाली त्या बुडबुड्यातूनच काही महिन्यांनी पाणी आणि वीज एकमेकांना गाठतात. हा सगळा एक दिवस. मध्येच माणसं बदलतात, पण एक्स-रेची फिल्म पाहणारा आणि जोडणारा वेगळाच असावा.

पहिला जोड झाला की जहाज सुटी केबल सोडत बोयाकडे जातं. किती सोडायची याचा हिशेब आधीच झालेला असतो. एका जागी तुटलेली केबल जोडतानाही खोलीच्या दोन ते अडीच पट जास्तीची केबल मधे पडते, कारण शेवटचा जोड डेकवर होतो आणि दोन्ही बाजूंच्या केबल तळापासून डेकपर्यंत लटकत असतात. अडीच हजार मीटर खोलीला पाच-सहा किमी. टोंगात प्रश्न एका जागेचा नव्हताच. नव्वद किमीच्या आसपास केबल नव्याने घालावी लागली. एवढी लांबी वाढली की प्रकाशाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो: दर किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या जवळपास क्षय, त्यावर जोडांचा. काही किलोमीटर वाढले तर मूळ आराखड्यात ठेवलेली शिल्लक ते खपवून घेते, त्याहून जास्त वाढले तर मधे रिपीटर घालावा लागतो.

बोयाशी पोचल्यावर दुसरं टोक वर घेऊन शेवटचा जोड. तो पुरा झाला की केबलचा मोठा फास डेकच्या दोन्ही बाजूंनी पाण्यात लटकत असतो. तो सोडण्याचा क्षण साऱ्या कामातला सर्वांत अवघड. फास मार्गाच्या बाजूला, जहाज आडवं सरकवत, दोरांवर हळूहळू खाली उतरवायचा आणि तळाजवळ आल्यावर दोर कापायचे. एकदम सोडला तर तळाशी केबल स्वतःवरच गुंडाळते आणि वेटोळ्यात काच तुटते, म्हणजे सगळं पुन्हा. हा फास तळावर मूळ मार्गापासून बाजूला पडलेला असतो. त्याचे अक्षांश-रेखांश मार्गाच्या यादीत घातले नाहीत तर पुढच्या दुरुस्तीत कोणाचा तरी गळ रिकाम्या तळावर फिरत राहील.

मग स्टेशनांना कळवायचं. प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवतात, व्होल्टेजचे आकडे हिशेबाशी जुळतात का पाहतात, दोन्ही बाजूंनी फायबर मोजतात, आणि काही तास त्रुटी मोजत रहदारीविना चालवतात. तळ मऊ असेल आणि पाणी फार खोल नसेल तर पाणबुडं यंत्र पाण्याच्या झोतांनी केबल मीटरभर गाळात पुरतं.

देशांतर्गत केबलला दीड वर्ष का लागलं, ते आता सांगता येतं. तिचा सुमारे १०५ किमीचा भाग गेला होता. बाहेरची केबल जोडण्यातच डेपोतला साठा संपत आला. उरलेल्यात एवढी लांबी नव्हती. नवी केबल कारखान्यात बनवावी लागते, मागणी नोंदवून रांगेत थांबावं लागतं, बनल्यावर जहाजाने आणावी लागते आणि मग दुरुस्तीच्या जहाजाची मोकळी तारीख मिळावी लागते. वावाऊ आणि हापाईचे लोक तोवर उपग्रहावर राहिले. काम पुरं झालं जुलै २०२३ मध्ये.

सुट्या केबलचा साठा ठरवताना सगळीकडे जुना अंदाज वापरतात: एका वेळी एक नांगर, एकच तुटलेली जागा, फार तर दोन दुरुस्त्यांपुरती लांबी. ज्वालामुखी आणि गाळाच्या उतारांवरून जाणाऱ्या मार्गाला हा अंदाज लागू पडत नाही. तिथे साठा मोजावा तो एका लोंढ्याच्या रुंदीने, म्हणजे शंभर किमीच्या घरात, आणि देशांतर्गत व बाहेरच्या केबलसाठी एकाच प्रकारची केबल निवडावी, म्हणजे एक साठा दोघींना चालेल. पुढची केबल विकत घेतानाच हे करारात लिहून घ्यावं. कारखान्यात मूळ केबल बनत असताना शंभर किमी जास्त ओढून घेणं तुलनेने स्वस्त पडतं. नंतर तेवढ्यासाठी यंत्रं पुन्हा लावायची म्हणजे पैसा जातोच, महिनेही जातात. आणि दुरुस्ती आटपून जहाज परत निघालं की त्याच आठवड्यात डेपोतला साठा मोजावा: किती मीटर उरली, कोणत्या प्रकारची, तुकडे किती, सर्वांत लांब तुकडा केवढा, जोडाचे संच किती आणि त्यांची मुदत कधीपर्यंत.